मागावरचे फोटो: रंगीत ठेवू की ब्लॅक अँड व्हाइट?

पूर्वभागवाला
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातला आहे. आमच्या नानांनी ३४ वर्षं नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर चादरी विणल्या. त्यांच्या कारखान्यातले आठही माग दिवाळीनंतर भंगारात जाणार, असं मालकानं सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिथं जाऊन फोटो काढतोय. कॅमेरा सेकंडहँड निकॉन, लेन्स एकच, ३५ मिमीची. चाळून चाळून ४० फोटो उरलेत, २० ठेवायचे आहेत.

अडचण उजेडाची. एका बाजूला ट्यूबलाइट, दुसरीकडं पिवळा बल्ब, आणि वर पत्र्यात हिरव्या फायबरचा तुकडा. नानांचा अर्धा चेहरा पिवळा, अर्धा हिरवट. ब्लॅक अँड व्हाइट केलं की सगळं कसं निवांत होतं. पण मग मागावरची लाल-हिरवी चादर राखाडी होते आणि तिच्यावरचा मोर मागच्या रंगात बुडतो. नानांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘धुऊन रंग गेलेली चादर दाखवतो होय लोकांना? सोलापूरची?’’

मित्र म्हणतो ब्लॅक अँड व्हाइटच डॉक्युमेंटरी वाटतं. काय करू की सांगा.

भीमातीर
डोळे झाकून ब्लॅक अँड व्हाइट. ब्राझीलचा फोटोग्राफर साल्गादो, त्यानं जगभरचे मजूर टिपले ते त्यातच. रंग आला की नजर चेहऱ्यावरून चादरीवर जाते.

जुनी_गिरणी
वयानं लहान असशील, म्हणून अरे-तुरे करतो.

मी ऐंशीच्या दशकात इथल्या एका दैनिकासाठी फोटो काढायचो. ‘इंदू’ छापाच्या फिल्मचा रोल, घरच्या न्हाणीघरात डार्करूम, बायकोची रोजची बोलणी. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. ते काही कलेपोटी नव्हे. पेपर एका शाईत छापला जायचा आणि रंगीत धुलाई परवडत नव्हती. आता लोक त्यालाच ‘अस्सल’ म्हणतात तेव्हा हसू येतं.

भोपाळ आठव, १९८४. मातीत पुरलं जाणारं तेच बाळ रघु राय यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपलं, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा मुख्य मान रंगीत फोटोला मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून बघ. रंगीत असूनही त्यात रंग मिरवत नाही. म्हणजे रंगानं गांभीर्य जातं, हे काही खरं नाही.

उलट टोकाला रघुबीर सिंह. जन्मभर रंगीत फिल्मवर काम केलं आणि भारतीय नजर रंगातूनच बघते, असं मांडलं. माणूस मोठा, पण मला हे सगळंच पटत नाही. जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला ये. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि ते पेलणारे सगळे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत, बंदांच्या अंगरख्यात! तिथं रंग काढून घेतलास तरी फार काही बिघडत नाही.

तुझ्याकडं बिघडतं, कारण तिथं रंग हाच माल आहे. लाल आणि हिरवा साधारण सारख्याच उजळपणाचे असले की राखाडीत एक होतात. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं असशील तर लाल वर आणि हिरवा खाली ओढून मोर परत मिळेल. पण कातडीतही लालच जास्त, त्यामुळं नाना गोरेपान होतील! ते बघून आणखी ओरडतील.

खरा दोष उजेडाचा आहे, तो उजेडातच काढ. पिवळा बल्ब पाच मिनिटं बंद करायला सांग. फायबरवर बाहेरून पोतं टाक. आपली वीज ५० हर्ट्‌झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-विझते. शटर १/५० किंवा १/१०० ठेव, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल. १/५० ला आडवा धागा नेणारा धोटा पुसट येतो, तो येऊ दे. धोटा दिसतो कुठं, नुसता ऐकू येतो.

विडी_घरकुल
तांत्रिक काही कळत नाही, एक सांगते. आईचे विड्या वळतानाचे फोटो एका प्रदर्शनासाठी काढून नेले होते. फोटो काढणार म्हणून आईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. प्रदर्शनात बघितलं तर सगळं काळंपांढरं. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, मी इतकी जुनी दिसते का गं?

भीमातीर
डोळे झाकून म्हणालो ते मागे घेतो.

पूर्वभागवाला
सगळ्यांचे आभार. काल बल्ब बंद करून, पोतं टाकून पुन्हा काढले. चेहऱ्यावरची हिरवी झाक गेली. फोटो रंगीतच ठेवतोय. फक्त सूत उतरवलेल्या रिकाम्या मागाचे दोन फोटो अजून दोन्ही प्रकारांत ठेवलेत, ठरत नाही.

आता नवीन तक्रार. नाना म्हणतात, ‘‘हा आमचा लाल नव्हे. आमचा जरा विटकरीकडं जातो.’’ दुकानातली चादर आणून मोबाइलशेजारी धरली. खरंच वेगळा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे पांढरा जुळवायची सोय, ऑटोवर राहिला होता. तो जुळवायला लागतं ते ग्रे कार्ड नाही माझ्याकडं.

जुनी_गिरणी
ब्लीच केलेल्या पांढऱ्या सुताची कांडी मागाशेजारी, त्याच उजेडात धर आणि तिच्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घे. जागा बदललीस की परत घे. आणि मोबाइलवर नको, छापून दाखव नानांना.