बेरोजगारी उतरली, लोकसंख्याही उतरली. यंग्सटाउन सावरतंय की नाही?

प्रश्न
अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या यंग्सटाउन शहराची लोकसंख्या १९५० साली १,६८,३३० होती, २०२० साली ६०,०६८. सप्टेंबर १९७७ पासून पोलाद कारखाने कसे बंद पडत गेले ते माहीत आहे. पण अशा शहरांत बेरोजगारीचा दर मधूनच उतरतो आणि लगेच 'शहर सावरतंय' अशा बातम्या येतात. विसंबायचं कशावर?

उत्तर १
दर बाजूला ठेवा, कामावर किती माणसं आहेत ते मोजा. समजा काम करणारे ४५,००० आणि काम शोधणारे ५,०००. ५०,००० मध्ये ५,०००, म्हणजे दर १० टक्के. शोधणाऱ्यांपैकी २,००० जण गाव सोडून गेले किंवा थकून शोधायचे थांबले. आता ४८,००० मध्ये ३,०००, म्हणजे सव्वासहा टक्के. नोकरी एकही वाढलेली नाही! सोबत २५ ते ५४ वयोगटात कितीजण कामावर आहेत तेही बघा. सगळ्या वयांचं प्रमाण घेतलंत तर निवृत्तांमुळे फसाल.

उत्तर २
लोकसंख्येचीही फोड करा: जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. १९८० च्या दशकात पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराच्या पट्ट्यातून तरुण गेले, त्यांची मुलं दुसरीकडे जन्मली, मागे राहिलेले म्हातारे झाले. त्यामुळे गळती थांबल्यावरही तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. त्या घटीला आजची मंदी समजू नका, ती चाळीस वर्षांपूर्वीची आहे.

शिवाय घरटी माणसं ३.४ वरून २.३ वर आली, तर हजार घरं भरलेली असूनही ३,४०० चे २,३०० होतात.

हद्दही तपासा. सेंट लुइस शहराची हद्द १८७६ पासून गोठलेली आहे. शहर सोडलेले कितीतरी लोक शेजारच्याच उपनगरात राहतात. म्हणून महानगर क्षेत्र (शहर आणि भोवतालची उपनगरं) घ्या, पण सगळ्या वर्षांसाठी त्याच काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) ठेवा.

उत्तर ३
लोक घटले की पालिकेचा खर्चही तेवढाच घटतो, हा समज घातक आहे. घरं विखरून रिकामी होतात. गल्लीत दोन कुटुंबं उरली तरी जलवाहिनी, दिवे, बर्फ काढणं सगळं तेवढंच, कर भरणारे मात्र दोन. मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर १,९६,९४० लोकांवरून (१९६०) ८१,२५२ वर (२०२०) आलं. मोठ्या वस्तीसाठी टाकलेल्या जाड नळांत पाणी जास्त वेळ पडून राहतं, जंतुनाशक क्लोरीन उतरतं. २०१४ साली नदीचं पाणी गंजरोधक न घालता सोडलं, तेव्हा नळांतलं शिसं पाण्यात आलं. मूळ चूक ती. पडून राहणाऱ्या पाण्याने ती आणखी महागात पाडली.

प्रश्नकर्ता
तरुण टिकतात का, हे थेट कसं काढायचं?

उत्तर २
२०१० चे १५–१९ वयाचे आणि २०२० चे २५–२९ वयाचे, दोन्ही आकडे शेजारी मांडा. या वयात मृत्यू कमी, त्यामुळे फरक जवळजवळ सगळा स्थलांतराचा. फक्त वसतिगृहं आणि तुरुंग वगळा. जनगणना विद्यार्थी आणि कैदी जिथे राहतात तिथेच मोजते, आणि यंग्सटाउनमध्ये विद्यापीठ आहे, तुरुंगही.