शैक्षणिक ऑनलाइन गेम खरंच मजेशीर असतात, की आपण पालक स्वतःची समजूत घालतो?

तिरफळ

आमच्या घरी एक वार्षिक वर्गणी वाया गेली, त्यातून निघालेला हा धागा.

मुलगी पाचवीत. कुणीतरी गणिताचा एक ऑनलाइन गेम सुचवला (नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी). आपण जादूगार, समोर राक्षस, गणित सुटलं की छडी चालते. हजारो मुलं एकाच वेळी खेळतात म्हणे. पहिले दोन दिवस घरात शांतता. तिसऱ्या दिवशी मागे उभा राहून पाहिलं तर बाईसाहेब प्रश्न वाचतच नव्हत्या. उत्तर चुकलं तर दोन सेकंद थांबावं लागतं, वाचून सोडवायला पंधरा लागतात. म्हणून क, क, क दाबत सुटल्या होत्या. हा हिशेब तिचा बिनचूक होता. महिन्याभरात झालेलं गणित तेवढंच.

आणि ती हजारो मुलं? पडद्यावर इकडून तिकडे फिरणारी बाहुली. बोलायला ठरवून दिलेली आठ-दहा वाक्यं, 'छान!', 'चल खेळू!' वगैरे. भांडता येत नाही, चिडवता येत नाही, 'रडीचा डाव' म्हणता येत नाही. याला एकत्र खेळणं म्हणायचं तर दादरच्या पुलावर आपण रोज एकत्र खेळतो.

माझं म्हणणं असं की शिकवायच्या हेतूने बनवलेला, अनेकांनी मिळून खेळायचा गेम मजेशीर होतच नाही. झालाच, तर शिकवण गळून पडते. सापशिडी घ्या. मूळचा तो मोक्षपट, परंपरा त्याचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. घराघरांत सद्गुण-दुर्गुण, शिडीने वर, सापाने खाली, शेवटी मोक्ष. आज ९८ वरून खाली आलेल्या पोराला विचारा, कुठल्या दुर्गुणाने गिळलं बाळा? किंवा 'व्यापार' घ्या. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली मूळ खेळाचं पेटंट घेतलं ते जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे नागवले जातात हे लोकांना दाखवायला. त्यातून पुढे मोनोपॉली झाली, आपल्याकडे व्यापार झाला, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपण सगळे त्या मूठभरांत कसं शिरायचं तेच शिकलो.

येऊ द्या प्रतिवाद. फक्त 'मुलं खेळातून शिकतात' हे वाक्य नको. ते मला पालकसभेत फुकट मिळतं.

गावकूस

साफ असहमत. तुम्ही वाईट गेमला शिव्या देताय, आणि खापर सगळ्या जातीवर फोडताय.

मी तीन वर्षं जिओगेसर खेळतोय. २०१३ साली एका स्वीडिश प्रोग्रामरने काढलेला हा गेम. गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या (नकाशातले रस्त्यांचे फोटो) कुठल्यातरी रस्त्यावर तुम्हाला आणून सोडतात, कुठे आहात ते नकाशावर खूण करून सांगायचं. ड्युएलमध्ये समोर दुसरा माणूस असतो. त्याने आधी खूण लावली की तुमच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकायला लागतं. सूर्य उत्तरेला दिसतोय म्हणजे दक्षिण गोलार्ध. गाड्या डाव्या बाजूने. रस्त्याकडेच्या खांबांचा रंग, विजेच्या खांबाची घडण, पाटीवरची लिपी. लाटव्हिया आणि लिथुआनिया वेगळे देश आहेत हे शाळेत दहा वर्षांत डोक्यात शिरलं नाही, ते दोनदा हरल्यावर शिरलं.

भारतात २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू आलं, पहिल्याच खेपेत पुणे, नाशिक, नगर होतं. देवनागरी दिसली की बाहेरचे खेळाडू हमखास दिल्लीच्या आसपास खूण मारतात. मी पाट्यांवर 'ळ' शोधतो. 'शाळा', 'तळमजला', 'फळे व भाजीपाला' दिसलं की थेट महाराष्ट्र. मग मैलाचा दगड: डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य महामार्ग. एका जर्मन भिडूला या ळ-ने मी असं धुतलंय की काय सांगू.

तिरफळ

@गावकूस, ळ आवडला. पण तो गेम भूगोल शिकवायला कुठे काढलाय? तो गेम म्हणूनच काढला, भूगोल तुम्हाला वाटेत सापडला. जत्रेत फिरून पाय मजबूत झाले म्हणून जत्रेला व्यायामशाळा म्हणायचं का?

खडूची_भुकटी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. धागाकर्त्यांशी सहमत, पण कारण वेगळं.

वर्गात प्रोजेक्टरवर प्रश्न आणि मुलांच्या हातात टॅब, असला एक क्विझचा गेम मी वर्षभर चालवला. पहिल्या दिवशी इतका गोंगाट की मुख्याध्यापक धावत आले, वाटलं काही पडलं. चौथ्या आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. पहिल्या तिघांत तीच ती तीन मुलं. मागच्या बाकावरची कुठलाही रंग दाबून मोकळी. अशा बऱ्याच गेममध्ये वेगाला गुण असतात. शेवटच्या क्षणाला दिलेल्या बरोबर उत्तराला जेमतेम निम्मे. म्हणजे विचार करणाऱ्याला दंड! ज्याला शिकायची सगळ्यात जास्त गरज, तोच रोज चारचौघांत हरणार. याची मजा त्याला कशी यावी?

मग दुसरा गेम आणला. त्यात उत्तर बरोबर आलं की पेटी उघडायची, नशिबात असेल तर दुसऱ्याचं सोनं पळवायचं. तेव्हा मात्र वर्ग पेटला. कधी न जिंकणारा एक मुलगा जिंकला, घरी जाईपर्यंत उड्या मारत होता. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणी कुणाचं सोनं पळवलं ते सगळ्यांना पाठ. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण ती चोरीची मजा होती, अपूर्णांकांची नव्हती.

अवांतर: आमच्याकडे टॅब पाच आणि इंटरनेट माझ्या फोनचं. त्यामुळे एका टॅबवर सहा जण. एक दाबायला, पाच ओरडायला. '३/४ मोठा', 'गाढवा, ५/६ मोठा', मग कुणीतरी फरशीवर खडूने भाकरी काढून दाखवायची. वर्षभरातलं सगळ्यात चांगलं शिकणं त्या फरशीवर झालं. टॅब पुरेसे असते तर तेही झालं नसतं.

आतल्या_गोटातला

पुण्यात एका शिक्षणाच्या अ‍ॅपवाल्यांकडे चार वर्षं काढली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

ती ठरावीक आठ वाक्यं आळसातून येत नाहीत. अमेरिकेत १९९८ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत कडक कायदा आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यात तर अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी पालकांची संमती लागते. त्यात अनोळखी मुलांना मोकळं बोलू दिलं आणि कुणी मोठा माणूस आत घुसला तर? कुठलीही कंपनी ही जोखीम घेत नाही. मग भांडण गेलं, चिडवाचिडवी गेली, उरली चालती बाहुली. तिरफळ यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती कुंपणाची किंमत आहे.

दुसरं, खेळतं मूल आणि पैसे भरतो बाप. त्यामुळे आमच्या बैठकांत सगळ्यात जास्त वेळ जायचा तो बापाला दर रविवारी जाणाऱ्या अहवालावर. 'तुमच्या पाल्याने या आठवड्यात १४० गणितं सोडवली.' क, क, क दाबून सोडवली हे त्यात येत नाही.

पण 'होतच नाही' हे मान्य नाही. २०११ साली इंग्लंडमधल्या हॅबगुड आणि एन्सवर्थ या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच गेमच्या दोन आवृत्त्या. सांगाडे अंगावर येतात. पहिल्या आवृत्तीत सांगाड्याच्या छातीवर आकडा, आणि ज्या संख्येने त्याला नि:शेष भाग जातो तेच शस्त्र त्याच्यावर चालतं. दुसरीत सांगाड्यांवर आकडे नाहीत, लढाई झाली की मध्ये थांबवून तीच गणितं विचारतात. मुलांना हवी ती खेळायची मोकळीक दिल्यावर त्यांनी पहिलीला सात पट जास्त वेळ दिला, आणि शिकलीही तिच्यातूनच जास्त. हेतू दोन्हींचा एकच, शिकवण्याचा. फरक शिवणीचा. तुमच्या मुलीचा जादूगार दुसऱ्या जातीचा आहे: राक्षस इकडे, गणित तिकडे, मध्ये टोलनाका.

तिरफळ

टोलनाका चपखल. पण तो सांगाड्यांचा गेम एकट्याने खेळायचा होता ना? मी 'अनेकांनी मिळून' म्हटलंय, सोईस्कर विसरू नका.

रेडस्टोन_रघू

मी सेकंड इयर इंजिनीअरिंग, त्यामुळे इथला लहान मेंबर, सांभाळून घ्या.

आठवीत आम्ही पाच जणांनी माइनक्राफ्टचा (ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम) आपला सर्व्हर टाकला होता. माझ्या पेटीतले हिरे रोज चोरीला जायचे (चोर कोण ते माहीत होतं, तो अजूनही मित्र आहे). म्हणून मी रेडस्टोनचं (गेममधली वीजच म्हणा) कुलूप बनवलं. दोन्ही खटके ओढले तरच दार उघडेल असं. तीन टॉर्च लागतात (टॉर्च चालूचं बंद करते, बंदचं चालू): दोन खटके आधी उलटे करायचे, एकत्र आणायचे, परत उलटं करायचं. त्याने दोन दिवसांत फोडलं. मग चार खटक्यांचं. तेही फोडलं. असं वर्षभर.

फर्स्ट इयरला मॅडमनी फळ्यावर डी मॉर्गनचा नियम ('दोन्ही चालू' म्हणजेच 'एकही बंद नाही') लिहिला आणि मी अख्ख्या वर्गात मोठ्याने 'अरे!' म्हणालो. हेच तर माझं कुलूप! माइनक्राफ्टची खास शाळांसाठीची आवृत्तीही आहे, २०१६ मध्ये आली. तिच्यात आम्हाला कुणी 'आज आपण कुलूप बनवूया' म्हणालं असतं तर मी एक कुलूप बनवून झोपलो असतो. त्याने फोडलं म्हणून दुसरं बनलं.

पेशीपाल

फोल्डिट या गेमचा विषय कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो. २००८, वॉशिंग्टन विद्यापीठ. प्रथिनाची साखळी पडद्यावर वाकवायची, वळवायची, जितकी नीट घडी तितके गुण. लोक गट करून एकमेकांशी चुरस लावतात. माकडांत एड्ससारखा आजार करणाऱ्या विषाणूच्या एका विकराची रचना शास्त्रज्ञांना दहाहून जास्त वर्षं सुटत नव्हती. २०११ मध्ये या खेळाडूंनी तीन आठवड्यांत उपयोगी पडेल असा नमुना दिला, आणि त्यातल्या बहुतेकांना जीवरसायनशास्त्राचा गंध नव्हता. तिरफळ, इथे शिकवण गळून पडूच शकत नाही. ती काढली तर खेळायला काही उरतच नाही.

जुनी_पेटी

मी ६८ वर्षांची. तुमचे सगळे गेम बाजूला ठेवा, आमच्या भेंड्या काय होत्या? सहलीच्या बसमध्ये दोन गट, आणि मी आठवडाभर आधीपासून 'ठ' नि 'ढ' वर संपणाऱ्या ओळी जमवून ठेवायची, चुलत भावाला अडकवायला. शेकडो ओळी पाठ झाल्या त्या भावावरच्या रागातून. कुणी 'काव्यवाचनाचा उपक्रम' म्हणाला असता तर मी बसमधून उतरले असते.

आता मुद्द्याचं. खडूताई म्हणतात तीच तीन मुलं जिंकतात, त्यावर. मी लिचेस या वेबसाइटवर बुद्धिबळ खेळते. २०१० पासून आहे, फुकट, एक जाहिरात नाही. नवऱ्याकडून मी चाळीस वर्षं हरत आले आणि डाव मांडायचंच सोडलं होतं. इथे माझ्या खेळाचा आकडा (रेटिंग) बघून माझ्याइतकाच कच्चा भिडू शोधून देतात. दहातले पाच डाव मी जिंकतेच, कारण जिंकत गेले की भिडू बळकट मिळतो आणि हरत गेले की हलका. हे सहलीच्या बसमध्ये जमत नाही, वर्गात जमत नाही, नवऱ्याबरोबर तर नाहीच नाही. ऑनलाइनचा खरा फायदा मला विचाराल तर हा.

खडूची_भुकटी

@जुनी_पेटी, +१. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग गणिताला असं का नाही कुणी करत?

आतल्या_गोटातला

करून पाहिलं होतं आम्ही. बुद्धिबळाला मध्यरात्रीही हजारो लोक हजर असतात, म्हणून चार सेकंदांत जोडी जुळते. आमच्याकडे रात्री नऊ वाजता, अपूर्णांकांची बेरीज, मराठी माध्यम, साधारण एका पातळीची मुलं किती? कधी कधी तीन. जोडी जुळेना म्हणून समोर संगणक बसवला आणि त्याला 'आर्यन, नागपूर' असं नाव दिलं. मुलांनी आठवड्यात ओळखलं. आर्यन कधीच चिडत नाही.

तिरफळ

आर्यन! हे वाचून माझा मूळ मुद्दा पक्का झाला असं लिहायला आलो होतो. पण काल घरात जे पाहिलं ते लपवलं तर लबाडी होईल.

मुलीने तो जादूगार परत उघडला होता. शेजारी माझा फोन, स्पीकरवर तिची मैत्रीण, तिच्याकडेही तोच गेम चालू. दोघींनी आपला नियम काढला होता: एकदम सुरू करायचं, पाच राक्षस आधी कोण मारतं ते बघायचं, आणि चुकलं की एक राक्षस वजा. क, क, क बंद. प्रश्न वाचले जात होते, मोठ्याने, शिव्यांसकट ('गाढव' च्या पुढे गेल्यावर मी आत गेलो). गेममध्ये जे नव्हतं ते दोघींनी फोनवरून भरून काढलं. वर्गणीचं नूतनीकरण तरी मी करणार नाहीये, कंपनीचं यात काही कर्तृत्व नाही.

गावकूस

ते असू द्या. जिंकलं कोण?

तिरफळ

मैत्रीण. पण तिच्या आईचा आवाज मागून येत होता, 'सोळा, सोळा म्हण' असा. आमच्याकडे जेवणापर्यंत 'रडीचा डाव' चालू होतं.