कमेंट्स मागवतो, पण पुढं त्यांचं काय झालं ते कुणालाच कळत नाही. काय करावं?

मसुदेवाला:
नमस्कार मंडळी. टेक्निकल स्टँडर्ड बनवणाऱ्या एका समितीचं सेक्रेटरीपद गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलंय (दुसरं कुणी घेईना). मसुदा आम्ही वेबसाइटवर टाकतो, दोन महिने मुदत देतो, लोक एक्सेल भरून मेल करतात आणि मग ते एक्सेल आमच्या पाच-सहा जणांतच फिरतं, मिटिंगमध्ये शेरा मारायचा "नोटेड", की पुढची ओळ. मागच्या वेळी १४० च्या आसपास कमेंट आल्या, त्यातल्या किती घेतल्या ते मलाच धड सांगता येणार नाही. परवा एका छोट्या कारखानदाराचा फोन आला, साहेब क्लॉज ७ वर मी लिहिलं होतं त्याचं काय झालं, आणि मी आपला "बघतो बघतो" करत बसलो. लाज वाटली राव. अध्यक्षांना म्हटलं सगळं उघडं ठेवू, तर म्हणतात अहो भांडणं लागतील, कंपन्या तोंडच उघडणार नाहीत. बाकी ठिकाणी कसं करतात हे?

राउटरबाबा:
आयईटीएफ म्हणजे इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणारी संघटना. अध्यक्षांना तिचा डेटाट्रॅकर, म्हणजे मसुद्यांची सगळी नोंद ठेवणारी साइट, उघडून दाखवा एकदा. ड्राफ्टला ००, ०१, ०२ असे नंबर पडत जातात, कुठलाही जुना काढून नव्याशी ताडून बघता येतो, आणि सहा महिन्यांत नवा आला नाही तर तो एक्स्पायर. खरी मजा शेवटी आहे. तिथल्या एखाद्या एरिया डायरेक्टरला (मसुद्याला शेवटची मंजुरी देणाऱ्यांपैकी एक) काही खटकलं की तो 'डिस्कस' नावाची हरकत टाकतो, गाडी तिथंच अडते, पण कुणी अडवली आणि का ते नावासकट कुणालाही वाचता येतं. नुसतं "पटत नाही" म्हणून अडवलं तर बाकीचे सोडत नाहीत त्याला. शिवाय मिटिंगमध्ये ठरलेलं मेलिंग लिस्टवर पक्कं करून घेतात कारण प्रत्येक मिटिंगला जाणं सगळ्यांना कुठं परवडतंय. भांडणं होतात की! दणकून होतात, फक्त ती लिहून होतात. आणि तोंड बंद वगैरे काही नाही, मोठमोठ्या कंपन्यांची माणसं तिथं रोज बोलतात.

जुना टंकलेखक:
मी जरा उलटं सांगतो. कागद उघडे ठेवले म्हणजे झालं असं नाही. ओओएक्सएमएल आठवतंय का कुणाला? मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा फॉरमॅट, सहा हजार पानांचा मसुदा, आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संस्थेत फास्ट ट्रॅकवर, म्हणजे झटपट मंजुरीच्या वाटेवर, टाकलेला. सप्टेंबर २००७ च्या मतदानात आपटला, कमेंट्स हजारोंनी आल्या. मग फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला पाच दिवसांची बैठक, ती पण बंद दाराआड. पाच दिवसांत एवढे मुद्दे बोलून होतात होय? बहुतेकांवर चर्चाच झाली नाही, गठ्ठ्यानं मत घेतलं आणि महिन्याभरात स्टँडर्ड पास. भारताचं मत विरोधात होतं, नंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि आपण असं चौघांनी अपील केलं, तेही फेटाळलं. तेव्हा मुदत किती द्यायची ते पानं आणि कमेंट्स बघून ठरवा, कॅलेंडर बघून नको.

फ्लेक्सबॉक्सची_मावशी:
वरच्या दोघांचं खरंय पण सेक्रेटरीसाहेबांना सोमवारी सकाळी काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही 😀 डब्ल्यूथ्रीसी म्हणजे वेबची स्टँडर्ड बनवणारी संस्था, तिचा सीएसएस (वेबपानांचं रंगरूप ठरवणारी भाषा) ग्रुप बघा. प्रत्येक मुद्दा गिटहब या साइटवर वेगळा इश्यू (नोंद), मिटिंगमध्ये त्यावर बोलणं झालं की एक बॉट ते सगळं बोलणं आणि खाली 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून ठराव त्याच इश्यूत चिकटवतो. ज्याने मुद्दा काढला त्याला शोधत फिरावं लागत नाही. आणि पुढच्या टप्प्याला जाताना कमेंट्सचा एक तक्ता काढतात, कुणी काय म्हटलं, आम्ही काय केलं, त्याचं समाधान झालं का, रंग लावून. गिटहब जमत नसेल तर तुमचं एक्सेलच चालेल, फक्त "नोटेड" हा शब्द त्यातून हद्दपार करा. घेतली, अर्धी घेतली, नाही घेतली, आणि पुढं एक ओळ कारण. एवढंच.

चंद्राचा अ:
युनिकोडचंही थोडं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणारं स्टँडर्ड. आपला ॲ हा स्वतंत्र अक्षर म्हणून त्यात २००८ ला आला, ५.१ आवृत्तीत, त्याआधी अ वर सुटा चंद्र चढवून भागवायचो. असले प्रस्ताव त्यांच्या एल२ रजिस्टरमध्ये (कागदपत्रांची यादी) कुणालाही वाचता येतात आणि मिनिट्समध्ये प्रत्येक निर्णयाला नंबर असतो, म्हणजे वर्षांनंतरही बोट ठेवून दाखवता येतं की हे इथं ठरलं. नंबर द्या हो, फुकट आहे.

मसुदेवाला:
खूप आभार सगळ्यांचे. एक अडतंय, जुन्या १४० कमेंट्स टाकून देऊ का साइटवर?

फ्लेक्सबॉक्सची_मावशी:
अजिबात नको! लोकांनी खासगी मेल समजून पाठवलंय. आधी एकेकाला विचारा, नाही म्हणेल त्याचं नाव काढा. पुढच्या मसुद्याला मात्र फॉर्मवर वरच लिहा की हे सगळं जाहीर होणार.

मसुदेवाला:
बरोबर. क्लॉज ७ वाली कमेंट शोधली आत्ता, ओळ ८३. टॉलरन्सचा (मापात किती फरक चालेल त्याचा) आकडा आमचाच चुकलाय, त्याचं बरोबर आहे. शेरा "नोटेड", आणि तो कुणी मारला ते कुणालाच आठवत नाहीये. उद्या फोन करतो त्याला.