असेंब्ली शिकताय? मग आयडीई बंद करा आणि कमांड लाइनवर या

खटपट्या

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. मायक्रोकंट्रोलरची असेंब्ली (चिपच्या मूळ सूचना एकेका ओळीत लिहायची भाषा) शिकायची असेल तर पहिले काही महिने आयडीई, म्हणजे एडिटर-असेंब्लर-सिम्युलेटर सगळं एकाच खिडकीत देणारा प्रोग्राम, उघडूच नये. साधा टेक्स्ट एडिटर, कमांड लाइनवर चालणारा असेंब्लर, चिपमध्ये प्रोग्राम उतरवायला एव्हीआरड्यूड आणि या सगळ्यांची मोट बांधणारी पाच-सहा ओळींची मेकफाइल. बस्स.

कारण असं, की असेंब्लर हा मुळात फार भाबडा प्रोग्राम आहे. एक ओळ घेतो, तिचे आकडे करतो. आयडीई हा भाबडेपणा लपवून ठेवते. एटीमेगा ३२८पी या चिपवर पोर्ट बीची ५ क्रमांकाची पिन आउटपुट करायची तर 'एसबीआय डीडीआरबी, ५' असं लिहितो. एसबीआय म्हणजे 'हे बिट १ कर', आणि डीडीआरबी हे पिनांची दिशा ठरवणारं रजिस्टर. लिस्टिंग फाइलमध्ये (तिथे आपली ओळ आणि तिचे आकडे शेजारी शेजारी दिसतात) त्याचं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, ९ए२५ होतं. आता मॅन्युअल शेजारी ठेवा. पहिली आठ बिटं, १००१ १०१०, म्हणजे एसबीआय. पुढची पाच, ००१००, म्हणजे पत्ता ४, अर्थात डीडीआरबी. शेवटची तीन, १०१, म्हणजे ५. झालं! एसबीआयला ३१ च्या पुढचा पत्ता का चालत नाही हे मी आधी नुसतं पाठ केलं होतं. त्या दिवशी दिसलं, की पत्त्याला पाचच बिटं आहेत, तो मावणार कुठे?

दुसरं कारण टिकाऊपणाचं. पिक या दुसऱ्या जातीच्या चिपवाल्यांना विचारा. एमपीलॅब एक्स या त्यांच्या आयडीईच्या ५.४० आवृत्तीपासून एमपीएझम हा जुना असेंब्लर काढून टाकला. त्याच्या जागी आलेल्या पिक-एएसची लिहिण्याची पद्धत वेगळी, म्हणजे जुना कोड पुन्हा हाताखालून घालणं आलं. आयडीई अपडेट केली आणि पायाखालची सतरंजीच गेली. असेंब्लर स्वतंत्र ठेवला असेल तर ती ओढायला कुणी येत नाही.

ब्रेकपॉइंट

असहमत. तुम्ही कामातल्या सगळ्यात सोप्या भागाचं कौतुक करताय. असेंबल व्हायला इकडेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत वेळ लागतो आणि तिकडेही. खरा वेळ जातो तो 'असेंबल तर झालं, मग चालत का नाही' यात. तिथे मला सिम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, लागतो: एकेक ओळ पुढे जायचं, आर१६ रजिस्टरमध्ये काय आलं बघायचं, झीरो फ्लॅग (उत्तर शून्य आल्याची खूण) कधी उठला बघायचं, किती सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) गेल्या ते मोजायचं.

आणि लिस्टिंग बघायला आयडीईत कुणी अडवलंय? ती फाइल तिथेही तयार होते, उघडायची तेवढी तसदी घ्यावी लागते. तुमचा मुद्दा लिस्टिंग वाचण्याचा आहे, कमांड लाइनचा नाही.

खटपट्या

तयार होते हो, पण उघडतं कोण? बटण दाबलं, हिरवं दिसलं, पुढे. सवयीचाच तर प्रश्न आहे.

सायकल मोजण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. त्या हातानेच मोजाव्यात. डीईसीला (एक वजा करणारी सूचना) एक, बीआरएनई (उत्तर शून्य नसेल तर उडी) उडी मारतो तेव्हा दोन, नाही मारत तेव्हा एक. म्हणजे 'एन' फेऱ्यांच्या लूपला तीन एन वजा एक. डब्ल्यूएस२८१२ जातीचे रंगीत एलईडी घ्या. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, १६ मेगाहर्ट्झवर बरोबर २० सायकल. कागदावर २० चौकोन आखले, त्यात सूचना बसवल्या आणि मगच टाइप केलं. सिम्युलेटर समोर असता तर अंदाजाने एनओपी (काहीच न करणारी सूचना) वाढवत बसलो असतो.

आणि सिम्युलेटरच हवा असेल तर सिमएव्हीआर आहे, तोही कमांड लाइनवरच चालतो. त्याला जीडीबी हा डीबगर (चूक शोधायचं साधन) जोडता येतो.

ब्रेकपॉइंट

म्हणजे सिम्युलेटर लागतोच! फक्त तो दोन खिडक्यांत, कमांड पाठ करून चालवायचा. नव्या माणसाने एकाच आठवड्यात असेंब्ली, मेक (मेकफाइल चालवणारा प्रोग्राम) आणि जीडीबी शिकायचं? बोहल्यावर चढायच्या आधीच पळून जाईल तो.

जुनं खोड

धागाकर्ते 'असेंब्लर' असं एकवचनात म्हणून पुढे गेले, खरी गोम तिथेच आहे. एव्हीआरसाठी, म्हणजे एटीमेगा ज्यातली त्या चिपच्या कुटुंबासाठी, कमांड लाइनवर निदान दोन घराणी आहेत. एव्हीआरए हा असेंब्लर अटमेलच्या (या चिप मूळ बनवणारी कंपनी) बोलीत बोलतो. जीएनयूचा असेंब्लर त्याच्या स्वतःच्या. दोघांना एकच फाइल देऊन बघा.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. एका पुस्तकी उदाहरणात 'आउट पोर्टबी, आर१६' (आर१६ मधलं पोर्ट बीवर पाठव) होतं, अटमेल बोलीतलं. मी ते जीएनयूकडे दिलं, वर एव्हीआरची नेहमीची, रजिस्टरांच्या नावांचे पत्ते सांगणारी हेडर फाइल जोडली. एरर नाही, वॉर्निंग नाही. एलईडी मात्र ढिम्म. दोन संध्याकाळी वायरी बदलल्या, एलईडी बदलला, शेवटी चिपही बदलली. मग कळलं, की त्या हेडरमधला पोर्टबीचा पत्ता डेटा मेमरीतला आहे, हेक्स २५. आउटला हवा असतो आय/ओ पत्ता, म्हणजे नुसता ५. मधला हेक्स २० चा फरक आपण वजा करायचा असतो, त्यासाठी वेगळा मॅक्रो आहे. एसबीआय असता तर वर सांगितलेल्या पाच बिटांमुळे असेंब्लर ओरडला तरी असता. पण आउटला पत्त्यासाठी सहा बिटं असतात, ६३ पर्यंत सगळं चालतं. हेक्स २५ बिनबोभाट बसला आणि माझं बिट पोर्टऐवजी टायमर शून्यच्या कंट्रोल रजिस्टरात जाऊन पडलं.

हे एकच नाही. ऑर्गचा (कोड कुठल्या पत्त्यापासून ठेवायचा ते सांगणारी ओळ) आकडा अटमेल बोलीत वर्डमध्ये (दोन बाइट), जीएनयूत बाइटमध्ये. फ्लॅशमधला (प्रोग्राम जिथे साठतो ती मेमरी) तक्ता वाचताना एकीकडे लेबलला दोनने गुणायचं, दुसरीकडे गुणलं तर भलतीकडेच पोचता. आयडीईत असेंबलर प्रोजेक्ट उघडला की निदान बोली तरी ठरलेली असते.

खटपट्या

हा मुद्दा बिनशर्त मान्य, मूळ लेखात यायला हवा होता. नवशिक्यांसाठी सांगतो: उदाहरणं अटमेल बोलीतली असतील तर एव्हीआरए घ्या. पुढे सी भाषेतल्या कोडला असेंब्ली जोडायची असेल तर जीएनयू. दोन्ही दगडांवर पाय नको.

पण खोडसाहेब, तो दोष शेवटी सापडला कशाने?

जुनं खोड

लिस्टिंगने. 😄 पण सिम्युलेटर असता तर पहिल्याच फेरीत पोर्टबी शून्यावर बसलेला दिसला असता. दोन संध्याकाळी वाचल्या असत्या आणि एक चिपही.

सीवाला

मुळात असेंब्ली कशाला? कंपायलर आता पुरेसे हुशार आहेत. ३२ किलोबाइट फ्लॅश असताना हा अट्टाहास का?

ब्रेकपॉइंट

तो वेगळ्या धाग्याचा विषय. तरी एकच: एटीटायनी १३ मध्ये एक किलोबाइट फ्लॅश आणि ६४ बाइट रॅम आहे. तिथे या, बोलू.

डागडुजी

कमांड लाइनवाल्यांची आणखी एक फजिती. मी मेक न शिकता दोन ओळींची स्क्रिप्ट केली होती: पहिली असेंबल करणारी, दुसरी एव्हीआरड्यूडची. एकदा टायपोमुळे असेंबल फसलं. एररची ओळ वर सरकून गेली आणि एव्हीआरड्यूडने कालचीच हेक्स फाइल (असेंब्लरने बनवलेली, चिपमध्ये जाणारी) इमानेइतबारे चिपमध्ये भरून 'व्हेरिफाइड' म्हणून सांगितलं. मी कोड बदलतोय, चिप तेच करतेय. दुपारभर!

खटपट्या

म्हणूनच मेक. आधीची पायरी फसली की तो पुढे सरकत नाही. स्क्रिप्टच हवी तर दोन कमांडच्या मध्ये दोन अँपरसँड टाका, तेही पुरे. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅब लागतो, स्पेस चालत नाही, हे मात्र आत्ताच लिहून ठेवा. त्यापायी सगळेच एकदा तरी रडतात.

ब्रेकपॉइंट

मेकफाइल मीही ठेवतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याला कोड द्यायचा झाला की तीच देतो. पण शोधाशोध आयडीईतच. 'उघडूच नये' याला माझा विरोध कायम.

नवशिक्या

सगळं वाचून एव्हीआरए टाकला, मेकही चालला. ब्रेडबोर्डवर नवी कोरी ३२८पी आहे. डिले १६ मेगाहर्ट्झ धरून अर्ध्या सेकंदाचा मोजला, कागदावरच! पण एलईडी आठ सेकंद चालू, आठ सेकंद बंद. लिस्टिंग दोनदा तपासली. काय चुकलं?

ब्रेकपॉइंट

कोड बरोबर असावा. तुमचा १६ मेगाहर्ट्झ आला कुठून? क्रिस्टल (बाहेरून ठोके देणारा भाग) लावलाय का? कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर चालते आणि वर त्यालाही आठने भागते, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. सोळापट हळू, तुमचा हिशेब तंतोतंत जुळतो. सिम्युलेटरमध्येही हे दिसलं नसतं, तिथे वेग आपणच भरतो.

खटपट्या

+१. लो फ्यूज (घड्याळ वगैरे ठरवणारा चिपमधला सेटिंगचा बाइट) वाचून बघा, हेक्स ६२ असेल. ई२ केला की आठने भागणं बंद होतं. क्रिस्टल नसेल तर बाकीच्या बिटांना हात लावू नका. बाहेरचं घड्याळ निवडलं गेलं तर ते जोडेपर्यंत चिप एव्हीआरड्यूडला ओळखसुद्धा देणार नाही.

नवशिक्या

क्रिस्टल नव्हताच. ६२ च होता, ई२ केला. आता एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. उरलेला अर्धा लूपमध्ये निस्तरतो.