आधी पाणी, मग पान

‘भरपेट नाश्ता करून स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचे मासे बघायला) जावं का?’ या प्रश्नावर माझं उत्तर: अजिबात नको. डचमळणारं पोट आणि तोंडात रबरी नळी, ही जोडी फार वाईट. मी हे करून पस्तावलोय; मासे बघायचे सोडून अर्धा तास होडीची कड धरून बसलो होतो. थोडंसं खा आणि वारा सुटायच्या आत, सकाळीच उतरा.

मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळून घ्या, वाफ धरत नाही. (किळस वाटते, पण उपाय पक्का आहे.) पाण्याखाली सगळं साधारण 33 टक्के मोठं दिसतं, त्यामुळे ‘एवढा मोठा मासा!’ हे जरा कमी करूनच ऐकावं. कान मात्र उघडे ठेवा. कुरुमकुरुम आवाज आला की समजा, जवळपास पॅरटफिश नावाचा मासा प्रवाळ खरवडतोय. थोडं थांबलात तर तो मागून पांढऱ्या भुकटीचा ढग सोडताना दिसेल. प्रवाळ बेटांवरची ती मऊ पांढरी वाळू, जिच्यावर आपण फोटो काढतो, ती बरीचशी हीच!

लांब बाह्यांचा टीशर्ट हवाच. पाण्यात ऊन जाणवत नाही, रात्री पाठ टेकताना जाणवतं.

जेवणात एकच पथ्य: प्रवाळाजवळचा बाराकुडा किंवा मोठा ग्रूपर मासा नको. त्यात सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून जात नाही, चवीवरून कळतही नाही. त्यापेक्षा खोल समुद्रातला टूना मागवा. आणि एका प्लेटवर भागेल असं समजू नका, पोहून आल्यावर भूक राक्षसासारखी लागते.