अंधारातले डंजनवाले गेम: जुन्या लॅपटॉपवर कोणता चालन, अन् नकाशा वहीत काढता का तुम्ही?

धुऱ्यावरचा_गडी

राजेहो, इथी पहिल्यांदाच लिहून राह्यलो, चुकलं तं सांभाळून घ्या. मले फर्स्ट पर्सन डंजन क्रॉलर खेळाचे हायेत, म्हणजे आपल्याच डोळ्यानं भुयार पाहत चालाचं थेवाले, अन् तेही काळोखवाले. रक्ताचे फवारे उडवणारे नको, तसे पैशाले पासरी भेटतात. मले असा पाह्यजे का पुढचा कोपरा वळाच्या आधी पाय जराकसा अडखळला पाह्यजे.

दिवाळीच्या सेलमंधी लिजंड ऑफ ग्रिमरॉक घेतला, २०१२ चा हाय, फिनलंडच्या चार-पाच पोट्ट्यायनं बनवलेला. चार कैदी, साखळीत बांधलेले, पहाडाच्या टोकावरून आत ढकलून देतात, जिता बाहेर निंघाला तं गुन्हे माफ. गोष्ट एवढीच. पण त्यात मशाल जळत जळत संपते ना, थे पाहून मी खल्लास. आमच्या हरभऱ्यात डुकरं येतात म्हून आम्ही पाळीपाळीनं जागलीले जातो, तवा बॅटरीचे सेल उतरत आले का उजेड पिवळा पडते, धुऱ्यापर्यंत पोचतच नाई, अन् त्याच्या पलीकडं काईतरी खसखसते. डुक्कर हाय का कुत्रं हाय का नुसता वारा हाय समजत नाई. सेम टू सेम फीलिंग, फक्त खाट घरची.

आता अडचण. त्यात नकाशा आपोआप बनते अन् मी दर चार पावलाले बटन दाबून थोच पाहून राह्यलो, भुयार पाहतच नाई. चुलतभाऊ म्हणते वहीत काढ, जुने लोक तसंच खेळत. मले थे येड्यासारखं वाटते पण करून पाहाव असंही वाटते.

लॅपटॉप जुना i३ हाय, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाई, बॅटरी मेलेली, चार्जरवरच चालते, म्हून लाईन गेली का गेम गेला. ह्याच्यावर चालन असं काई सांगा. इंग्रजी वाचतो मी, फक्त लय बडबड नको.

गाविलगडचा_भालदार

चुलतभाऊ बरोबर सांगतोय. हे गेम मुळात वहीसकटच बनवले होते असं समज.

१९८१ चा विझार्ड्री घे, ॲपल टू नावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर आलेला. ग्रीनबर्ग आणि वुडहेड अशा दोन कॉलेजच्या पोरांनी लिहिला (गेममधला दुष्ट मांत्रिक वेर्डना आणि येडा राजा ट्रेबोर, दोघांची नावं उलटी वाच, अँड्र्यू आणि रॉबर्ट, स्वतःलाच घातलंय बेट्यांनी). दहा मजले, प्रत्येक मजला २० बाय २० चौकोन, भिंती म्हणजे काळ्या पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. नकाशा बिकाशा काही नाही. डुमापिक नावाचा मंत्र मारला तर जिन्यापासून तू किती पूर्वेला किती उत्तरेला तेवढं सांगतो, बाकी तू आणि तुझी वही.

आणि वही चालते हे बनवणाऱ्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी वहीलाच फसवायचे सापळे ठेवले. एका चौकोनात पाय ठेवला की तोंड गपकन दुसरीकडे फिरतं आणि तुला कळतच नाही, तू उत्तर समजून दक्षिणेच्या भिंती काढत बसतोस. काही चौकोन उचलून भलतीकडे टाकतात. काही ठिकाणी उजेडच चालत नाही, पडदा काळा. आणि मजल्याच्या पूर्वेच्या कडेतून बाहेर गेलास तर पश्चिमेच्या कडेतून आत येतोस, म्हणजे कागद गुंडाळून नळी केल्यासारखं. मी पहिल्यांदा अर्धं पान खोडलं होतं आणि मग लक्षात आलं की मी बरोबर होतो.

मलोर मंत्राने थेट पाहिजे त्या चौकोनात उडी मारता येते, पण आकडा चुकला आणि खडकात उतरलास तर तू चालवत असलेली माणसांची सगळी टोळी गेली. मेलेल्याला देवळात नेऊन उठवता येतं, नाही उठला तर राख होते, राखेवर परत प्रयत्न फसला तर कायमचा गेला. सगळेच आत मेले तर प्रेतं तिथंच राहतात, नवी टोळी घेऊन जाऊन आणायची. मला तर राक्षसांपेक्षा ह्या देवळाची भीती वाटायची, कारण तिथं पैसे देऊनही गॅरंटी नाही.

आता काढायचं कसं. चौकटीची गणिताची वही घे. भिंत चौकोनाच्या आत नाही काढायची, रेघेवर काढायची, दाराला बारीक आडवी खूण. विझार्ड्रीत तू खाली डाव्या कोपऱ्यात उत्तरेकडे तोंड करून उभा असतोस म्हणून पानाच्याही खाली डाव्या कोपऱ्यातूनच सुरू कर. ग्रिमरॉकमधे तसं कळत नाही, मजला ३२ बाय ३२ चा आहे, त्यामुळे दोन पानं जोडून मधून सुरुवात कर. पेन्सिलने. पेनने काढणारे दुसऱ्या दिवशी गेम सोडतात.

सेल_उतरलेला_बॅटरीवाला

भाऊ २०२६ आलं, वह्या काय काढता, माझ्याकडं वही घेतली तर आई म्हणते अभ्यास करून राह्यला म्हून च्या आणून देते तेवढा एक फायदा

वरुडची_संत्री

😂 हा फायदा खराच आहे.

पण मला भालदार दादांशी थोडं भांडायचंय. नकाशा हातानेच काढला म्हणजे लय मोठं काहीतरी केलं हे मला पटत नाही. २००७ मध्ये निन्टेन्डो डीएस ह्या दोन स्क्रीनच्या हातातल्या मशीनवर एट्रियन ओडिसी आला त्यात खालच्या स्क्रीनवर पेनाने नकाशा स्वतः काढावा लागतो, गेमच तुला चौकटीची वही देतो. आता त्याचे पहिले तीन भाग पीसीवर पण आलेत २०२३ पासून. छान आहे, मी दोन महिने खेळले, पण खरं सांगू का, मला तिथं भीती कधी वाटलीच नाही कारण सगळं हिरवंगार, उजेड, कार्टूनसारखी पोरं. नकाशा होता, अंधार नव्हता. म्हणजे गडीदादा जे विचारतोय ते वहीमुळे येत नाही.

येतं कशातून ते मला किंग्ज फील्डमध्ये कळलं. १९९४, पहिलं प्लेस्टेशन, फ्रॉमसॉफ्टवेअर, तेच ज्यांनी पुढे डार्क सोल्स आणि एल्डन रिंग बनवले. (गंमत म्हणजे पहिला भाग जपानबाहेर विकलाच नाही, अमेरिकेत दुसराच भाग किंग्ज फील्ड नावाने विकला, म्हणून नंबरांचा सगळा गोंधळ आहे, शोधताना डोकं फिरेल.) त्यात चौकोन चौकोन नाही, मोकळं फिरता येतं, पण माणूस इतका हळू वळतो की मागून काही आलं तर तोंड फिरेपर्यंत जीव जातो. तो हळूपणाच भीती आहे. लोक त्याला खराब कंट्रोल म्हणतात, म्हणू देत. तसाच नवा पाहिजे तर लुनासिड बघ, २०२३ चा, मुद्दाम जुन्या प्लेस्टेशनसारखा दिसणारा, तुझ्या लॅपटॉपवर सेटिंग कमी करून चालायला हरकत नाही पण आधी परत करायची मुदत बघून घे.

लाईनचं म्हणशील तर चौकोनवाल्या, पाळीपाळीने लढायच्या गेममध्ये निदान तुझी पाळी येईपर्यंत राक्षस थांबतो. लाईन नाही थांबत. दर जिन्याला सेव्ह करायची सवय लाव.

गाविलगडचा_भालदार

संत्रीताई मुद्दा मान्य, पण किंग्ज फील्डमधे हरवलं की मला नुसता कंटाळा येतो, भीती नाही येत. वय झालं असेल. लाईनवरून आठवलं, जुन्या विझार्ड्रीत टोळी मेली की लगेच फ्लॉपीवर लिहिलं जायचं, म्हणून लोक मरताना दिसले की चटकन मशीनच बंद करायचे. म्हणजे गडीभाऊच्या गावात असते तर निम्म्या टोळ्या आपोआप वाचल्या असत्या.

गॅलरी_नंबर_९

मी बल्लारपूरच्या बाजूचा. उशिरा वाचलं जी, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाबा जमिनीखालच्या कोळसा खाणीत होते, आता रिटायर. मी ग्रिमरॉक खेळत होतो तवा मागं येऊन उभे राह्यले अन् दहा मिनिटं काही बोलले नाई. मंग म्हणे, एवढ्या मशाली जाळून राह्यले, मंग ह्याईले हवा कुठून येते? मी म्हटलं बाबा गेम हाय. तर म्हणे गेम असला म्हून काय, हवा नाई लागत?

मंग मी वहीत काढलेला नकाशा दाखवला तर ते हासले. म्हणे हे तर आमचंच हाय. आन् खरंच, भूमिगत खाणीत बोर्ड अँड पिलर पद्धत असते, म्हणजे कोळशात सरळ गल्ल्या खोदाच्या, त्याईले काटकोनात दुसऱ्या गल्ल्या, मधात कोळशाचे चौकोनी खांब सोडाचे वरचं छत धराले. वरून पाह्यलं तर चौकटीची वहीच. प्रत्येक गल्ली प्रत्येक गल्लीसारखी दिसते. मी विचारलं हरवत नव्हते का, तर म्हणे आकडे असतात ना भिंतीवर चुन्यानं लिहिलेले, अन् आकडा नाई दिसला तर वारा पाहाचा. ताजी हवा ज्या बाजूनं तोंडावर येते त्या बाजूनं चालत राह्य, खाणीच्या तोंडाकडं पोचशील. पाठीमागून गरम दमट लागली तर समज तू परतीच्या हवेच्या रस्त्यात हायेस.

अन् छत. काठीनं छताले ठोकून आवाज ऐकाचा, टणक आला तर बरं, पोकळ आला तर तठून निंघ. बाबा म्हणे डोळ्याईवर भरोसा ठेवणारा नवा, कानाईवर ठेवणारा जुना. मले तवा समजलं का १९८७ च्या डंजन मास्टरमधी लोकाईले एवढं काय भारी वाटलं होतं. अटारी एसटी नावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर आलता थो, त्यात राक्षस पाळी पाहत नाई, तू उभा राह्यला तरी तो चालतच राह्यते, अन् भिंतीपलीकडून त्याचा आवाज येते. मशाल मंद होत जाते, भूक लागते, पाणी भरून ठेवा लागते. चौकोनही हायेत अन् घाईही हाय. संत्रीताई अन् भालदार दादा ज्याच्यावरून भांडून राह्यले ते दोन्ही एकाच ठिकाणी.

गडीभाऊ, तुझ्या मशीनसाठी माझं मत आर्क्स फॅटॅलिस, २००२ चा. ह्याच्यात सूर्यच विझला, वरती बर्फ, म्हून माणसं, गॉब्लिन, उंदीरमाणसं सगळे खाली जुन्या खाणीत येऊन राहाले लागले. तू गॉब्लिनच्या कोठडीत जागा होते, तुले सोताचं नावही आठवत नाई. मंत्र मारासाठी माऊसनं हवेत अक्षर काढा लागते, आम अन् योक काढलं का दिवा पेटते, न्ही अन् योक काढलं का विझते. कधी कधी मुद्दाम विझवाचा अन् अंधारातून बाजूनं जाचं, थे मले लय आवडलं. पीठ पाणी मिसळून विस्तवाजवळ ठेवलं का पाव होते, मी तर अर्धा तास पावच भाजत होतो. जुना गेम हाय पण आर्क्स लिबर्टॅटिस नावाचं फुकट इंजिन लोकाईनं बनवलं, गेम विकत घेतला का त्याच्यावर चालवाचा, कमी रॅमवर मस्त चालते. फक्त एक सांगतो, ह्याच्यात चौकोन नाई म्हून वहीचा उपयोग नाई, त्याचा स्वतःचा नकाशा हाय. वही ग्रिमरॉकसाठी ठेव, नवा गेम सुरू करताना ओल्ड स्कूल मोड निवडला का आपोआप नकाशा बंदच होते, मोह नाई राहत.

अन् पैसे नसतील तर डॅगरफॉल, १९९६ चा, कंपनीनंच २००९ मधी फुकट केला. त्याचे डंजन एवढे मोठे का माणूस हरवते अन् त्याचा थ्रीडी नकाशा पाहून अजून हरवते.

सेल_उतरलेला_बॅटरीवाला

बाबाचा हवेचा पॉईंट ऐकून माझ्यातला गेमर मेला 😭 आता प्रत्येक भुयारात मले खिडकी दिसते का पाहीन

धुऱ्यावरचा_गडी

सगळ्यायले धन्यवाद राजेहो. गॅलरीभाऊ, बाबाले नमस्कार सांगजो.

झालं असं का ओल्ड स्कूल मोडमंधी ग्रिमरॉक पयल्यापासून लावला. चौकटीची वही घरात नव्हती, आईची कापूस वेचाईची वही होती, कोणी किती किलो वेचला थे लिहाची, तिच्यात मागच्या बाजूनं रेघा मारून सुरू केलं. पयला मजला बरोबर आला. दुसऱ्या मजल्यावर एक गल्ली वहीत आधीच्याच गल्लीले जाऊन धडकली, म्हणजे कुठीतरी एक चौकोन जास्त मोजला. मी मांगं जाऊन परत मोजून राह्यलो, मशाल अर्धी झालेली, हातात एकच दुसरी, अन् तवाच डाव्या भिंतीमांगं काईतरी सरकल्याचा आवाज आला. मी बटन दाबाले बोट नेलं, पण दाबून काय भेटणार, नकाशाच बंद केला ना मी. बसलो तसाच. मंग हेडफोन काढला तं आवाज बाहेरून येत होता, मांजर होती कवेलूवर.

आईनं वही पाह्यली सकाळी. म्हणे हे कोणाचं वावर मोजलं?

आर्क्स पुढच्या सेलमंधी घेतो. एक विचाराचं राह्यलं, ग्रिमरॉकमंधी मशाल भिंतीवरच्या खाचेत ठेवून पुढं गेलो तं वापस येईपर्यंत जळत राह्यते का संपून जाते? कोणाले पक्कं माहीत असन तं सांगा, मी तपासतो म्हटलं होतं पण आमच्या फिडरले या हप्त्यात रातची लाईन हाय, आत्ताच आली, मोटर चालू कराले वावरात जाऊन राह्यलो.