गाडीत रायफल: चेंबर रिकामं पण मॅगझिन भरलेलं, एवढ्यावर भागतं का?

कार्डशीट

मंडळी, क्लबच्या नव्या सभासदांसाठी गाडीतून रायफल नेण्याबद्दल एक पानी टिपण लिहायचं आहे. तीन ठिकाणी गाडं अडलंय.

एक, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) रिकामं, मॅगझिन (काडतुसांचा साठा) भरलेलं, सेफ्टी (गोळी सुटू न देणारा खटका) लावलेली, एवढं पुरे असं काही जुने सभासद म्हणतात. पुरे आहे का?

दोन, गाडीत गोळी सुटते ती नेमकी कोणत्या क्षणी? चालत्या गाडीच्या हादऱ्याने, की ठेवता-काढताना?

तीन, सुटलीच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? आणि नोंद कशी ठेवायची, की पुढच्याला तिचा उपयोग होईल? ‘साफ करताना चुकून गोळी सुटली’ या छापाच्या वाक्यातून कुणी काही शिकत नाही.

क्लबमध्ये बोल्ट ॲक्शन (बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करून भरायच्या) जास्त आहेत, दोन-तीन लिव्हर (चापाजवळचं कडं खाली-वर करून भरायच्या), आणि काही .२२ सेमी-ऑटो (लहान काडतुसाच्या, दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या).

---

करंगळी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. केसमध्ये नीट झोपवलेली रायफल नुसत्या हादऱ्याने उडणं फार दुर्मीळ. धोका असतो तो दार उघडं असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात. रायफल ठेवताना, काढताना, आणि सगळ्यात जास्त, गाडीत बसून ‘रिकामी करताना’.

याचं कारण साधं मोजमापाचं आहे. रायफल साधारण १०५ ते ११५ सेंटिमीटर लांब, गाडीची आतली रुंदी जेमतेम दीड मीटर. एवढ्या जागेत ती फिरवली की नळी कुणाच्या तरी गुडघ्यावरून किंवा पोटावरून जाणारच. ‘नळी सुरक्षित दिशेला ठेवा’ हा नियम गाडीत बसून पाळताच येत नाही, कारण तिथे तशी दिशाच नसते. खाली इंधनाची आणि ब्रेकची नळी, बाजूला माणसं. दाराचा पत्रा रायफलची गोळी अडवत नाही, हेही टिपणात लिहा. सिनेमामुळे लोकांना उलटंच वाटतं.

म्हणून पहिला नियम असा: भरणं आणि रिकामं करणं दोन्ही गाडीबाहेर, दोन्ही पाय जमिनीवर, नळी मोकळ्या मऊ मातीकडे. पाऊस असला तरी. गाडीला टेकवून उभी ठेवलेली रायफल घसरते, त्यामुळे तेही नको.

रिकामं करण्याचा क्रम उलटा होणं ही सर्वांत जुनी चूक. आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे. उलट केलं तर काय होतं? बोल्ट मागे ओढला, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, डोळ्यांनी पाहिलं, समाधान झालं, बोल्ट पुढे ढकलला. त्या ढकलण्यात मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये गेलं. मग मॅगझिन काढून खिशात घातलं. आता हातातली रायफल भरलेली आणि डोक्यातली रिकामी.

दुसरी अडचण बऱ्याच अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते. पुश-फीड बोल्टमध्ये (आजच्या बहुतेक शिकारी रायफली अशाच) एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस ओढून बाहेर काढणारी) नखी काडतुसाच्या कडेवर तेव्हाच बसते जेव्हा बोल्ट पूर्ण पुढे जाऊन दांडा खाली पडतो. बोल्ट अर्धवट पुढे नेऊन परत ओढला, तर काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि बोल्ट मोकळा मागे येतो. बाहेर काही पडलं नाही म्हणजे आत काही नव्हतं, असा अर्थ काढला जातो. नखीत घाण साचली असेल किंवा ती झिजली असेल तरीही हेच. माउझर ९८ सारख्या रुंद पंजाच्या बोल्टमध्ये मॅगझिनमधून वर येतानाच काडतूस पंजात अडकतं, म्हणून तिथे ही अडचण कमी, पण हाताने थेट चेंबरमध्ये टाकलेल्या काडतुसाला ती सवलत नाही.

यावर उपाय माझ्या टोपणनावातच आहे. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, मग डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी चेंबरमध्ये घालायची. रिकामं चेंबर म्हणजे बोटाला लागणारी गोल, मोकळी, थंड कड. काडतूस असेल तर सपाट पितळ लागतं आणि मधोमध टोपीची (पिन आदळली की पेटणाऱ्या भागाची) बारीक गोल खाच. संध्याकाळच्या अंधारात डोळे फसतात, बोट फसत नाही. पातळ हातमोजे असले तरी काढा.

आणि मोजा. पाच भरली तर पाच हातात आली पाहिजेत. चार आली तर गाडीचं दार बंदच ठेवायचं.

---

दांडा_खाली

वरच्याला पूर्ण अनुमोदन. एक सोय सुचवतो: बोल्ट ॲक्शन असेल तर बोल्टच काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. तीस सेकंदांचं काम. बिनबोल्टची रायफल म्हणजे नुसता पाइप, आणि नळीतून आरपार पाहताही येतं. फक्त एकाच मॉडेलच्या दोन रायफली एका गाडीत असतील तर बोल्टच्या पिशव्यांवर नंबर लिहा. बोल्ट अदलाबदल झाले तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतूस यांच्यातलं अंतर) बिघडू शकते, आणि मग एक धोका टाळायला जाऊन दुसरा ओढवून घ्याल.

---

मधली_कड

थोडं वेगळं मत. रेंजच्या आवारात पाचशे मीटर जायचं असताना दर वेळी बोल्ट काढायचा? चेंबर रिकामं आहे ना. चाप ओढला तरी काय होणार? बोल्ट हलवल्याशिवाय गोळी चेंबरमध्ये जात नाही. अतिरेकी नियम लोक पाळत नाहीत, आणि न पाळले जाणारे नियम नसल्यासारखेच.

---

खटका_आणि_चाप

@मधली_कड, यंत्राच्या हिशेबाने तुमचं बरोबर आहे. चेंबर खरोखर रिकामं असेल तर गोळी सुटणार नाही. प्रश्न त्या ‘खरोखर’चा आहे. मॅगझिन भरलेलं असताना बोल्टचा एक फेरा म्हणजे भरलेली रायफल, आणि गाडीत बसलेला दुसरा माणूस ‘बघू रिकामी आहे का’ म्हणून तोच फेरा करतो. मॅगझिन खिशात असेल तर तोच माणूस तीच चूक करूनही काही बिघडत नाही. बोल्ट काढायचा की नाही यावर वाद घाला हवं तर, पण मॅगझिन बाहेर यावर नको.

आता सेफ्टी. बऱ्याच रायफलींत सेफ्टी फक्त चाप किंवा सिअर (चाप ओढेपर्यंत पिनला मागे धरणारा तुकडा) अडवते, फायरिंग पिन (टोपीवर आदळणारी सुई) मोकळीच असते. माउझर ९८ च्या तीन टप्प्यांच्या सेफ्टीत पिनच मागे धरली जाते, आणि मधल्या टप्प्यात सेफ्टी लागलेली असताना बोल्टही हलतो. रिकामं करायला ही मांडणी सर्वांत चांगली. याउलट रेमिंग्टन ७०० च्या १९८२ पूर्वीच्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद. म्हणजे रिकामं करायलाच सेफ्टी काढावी लागते, आणि नेमक्या त्या क्षणी नळी कुठे आहे यावर सगळं अवलंबून. अशी रायफल गाडीत भरलेली आली तर ती गाडीत रिकामी करायचीच नाही.

याच कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या. जुळणी करताना लावलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने चाप न ओढताही गोळी सुटण्याची शक्यता होती. सांगण्याचा मुद्दा, ‘चापाला हातच लावला नव्हता’ हे दर वेळी खोटं नसतं. पण बहुतेक वेळा काहीतरी चापाला लागलेलं असतं: सीटबेल्टचं बक्कल, जॅकचा दांडा, जॅकेटची दोरी, मागच्या सीटवरच्या कुत्र्याचा पंजा. रायफल नळीकडून धरून बाहेर ओढली की हे सगळं चापात अडकायला रांगेतच उभं असतं, आणि नळी ओढणाऱ्याच्या पोटाकडे. दस्त्याकडून काढा, ते जमत नसेल तर आधी आजूबाजूचं सामान काढा.

यंत्रात दोष आहे का हे पाहायला तीन साध्या तपासण्या. रायफल करंगळी लावून रिकामी केलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पहिली: सेफ्टी काढलेली ठेवून बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा, एकदाही ‘टक्’ होता कामा नये. दुसरी: सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा, मग चापाला न शिवता सेफ्टी काढा. इथे पिन पडली तर ती रायफल थेट बंदूक दुरुस्तीवाल्याकडे. तिसरी: सेफ्टी काढून दस्त्याच्या टोकावर रबरी हातोडीने ठोके, तरी पिन पडता कामा नये. चापाचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर मोजा. शिकारी रायफलला दीड किलोच्या आसपास ठीक. हौसेने अर्ध्या किलोवर आणलेला चाप टेबलावर टेकून मारायला छान, गाडीत चढता-उतरता मुळीच नाही.

आणि बोल्ट बंद करताना चाप दाबून धरून ‘पिन उतरवून ठेवणं’ ही सवय भरलेल्या चेंबरवर तर कधीच नको. बऱ्याच रायफलींत पिनचं टोक मग टोपीला टेकून राहतं, आणि मागून एक फटका पुरतो.

---

कार्डशीट

भरपूर मिळालं, आभार. लिव्हर आणि .२२ चं काय? त्यांच्यात बोल्ट काढणं होत नाही. आणि तिसरा प्रश्न अजून तसाच आहे.

---

करंगळी

.२२ सेमी-ऑटो: मॅगझिन बाहेर, बोल्ट तीन वेळा मागे ओढायचा, अडकवून ठेवता येत असेल तर उघडाच ठेवायचा, चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकची पट्टी. नळकांडी मॅगझिन असेल तर आतली नळी काढून काडतुसं ओतली तरी शेवटचं एखादं तळाशी किंवा वर उचलणाऱ्या पट्टीवर अडकून राहतं. म्हणून ओतल्यावरही तीन-चार फेरे. खात्रीसाठी चाप ओढून पाहू नका: बऱ्याच .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर पिन पडली की चेंबरची कड चेपते, आणि चेंबर रिकामं नसलं तर ‘खात्री’ मोठ्या आवाजात होते.

लिव्हरमध्ये बहुधा प्रत्येक काडतूस चेंबरच्या वाटेनेच बाहेर येतं. चार बोटं लिव्हरच्या कड्यात, चाप त्याला लागूनच. सावकाश, अंगठा घोड्यापासून (मागचा हातोडा, चाप नव्हे) लांब. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा उतरवताना तो निसटतो, थंडीत तर हमखास. गाडीत जायचं असेल तर उतरवण्याची वेळच येऊ देऊ नका. आधी सगळी बाहेर.

---

पंचनामा

तिसऱ्या प्रश्नाला मी घेतो.

गोळी सुटल्यावर पहिली प्रतिक्रिया रायफल टाकून देण्याची असते. ती टाकायची नाही. नळी आहे तिथेच, बोट बाहेर. सेमी-ऑटो असेल तर पुढचं काडतूस एव्हाना चेंबरमध्ये आलेलं असतं, हे धक्क्यात कुणाच्या लक्षात येत नाही. बंद गाडीत आवाजाने कान बधिर होतात (रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो, कानाला इजा होण्याची हद्द १४० धरतात), त्यामुळे ‘ठीक आहेस ना?’ ओरडण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला हाताने चाचपा, मांडी आणि जांघ आधी. लागलेल्याला पहिल्या मिनिटात कळतंच असं नाही. रक्त उसळत असेल तर थेट दाब. हाता-पायाला असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवणारा आवळपट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि लावल्याची वेळ लिहून ठेवा. तोवर दुसऱ्याने मदत बोलवायची.

इंजिन बंद, सगळे बाहेर. पुन्हा सुरू करू नका. गाडीच्या तळातून गेलेली गोळी ब्रेकची नळी कापून जाते आणि ते पहिल्या वळणावर कळतं. गाडी विजेची असेल तर बॅटरी गाडीच्या तळाखालीच असते. तिला भोक पडलं तर लगेच काही दिसलं नाही तरी काही तासांनीही पेटू शकते, म्हणून इमारतीपासून लांब, उघड्यावर.

रायफल बाहेर सुरक्षित दिशेला रिकामी करा, पण तिथेच स्क्रू ढिले करू नका, तेल मारू नका. रिकामी पुंगळी जपून ठेवा. टोपीवर मधोमध खोल गोल खड्डा असेल तर पिन पूर्ण जोराने पडली, म्हणजे चाप आणि सिअरकडे पाहा. खड्डा उथळ असेल तर बोल्ट बंद होता होता पिन पुढे गेली असावी. फायरिंग पिनच्या वाटेत घट्ट झालेलं ग्रीस हे त्याचं नेहमीचं कारण. एवढ्यावरून निकाल देऊ नका, दिशा मात्र कळते.

नोंदीचं म्हणाल तर अडचण भाषेपासून सुरू होते. मराठीत काच फुटते, दूध उतू जातं आणि गोळी सुटते. कर्ता लागतच नाही. म्हणून फॉर्ममध्ये ‘काय घडलं’ असा रकाना ठेवू नका, लोक एका ओळीत सुटका करून घेतात. हे विचारा: चाप कशाने ओढला गेला? नळी तिकडे का होती? रिकामी आहे असं शेवटचं कोण म्हणालं, आणि पाहून की ऐकून? मॅगझिन कुठे होतं? भरली किती, परत आली किती? उजेड, हातमोजे? त्याच तासात, प्रत्येकाने वेगळं लिहायचं, एकमेकांशी बोलण्याआधी. चहा झाला की सगळ्यांची गोष्ट एकच होते.

न सुटलेल्या गोळ्याही याच फॉर्मवर. घरी पोचल्यावर चेंबरमध्ये काडतूस सापडलं तर ती नोंद सुटलेल्या गोळीएवढीच किमती आहे. पण ती देणाऱ्याला सभासदत्व जाण्याची भीती असेल तर ती कधीच येणार नाही.

---

मधली_कड

मॅगझिन बाहेर, हे मान्य. बोल्टवर अजून नाही.

---

दांडा_खाली

चालेल. मग निदान दांडा वर, बोल्ट उघडा, आणि चेंबरमध्ये पट्टी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला दिसेल. केसची झिप लावताना बोल्ट आपोआप पुढे सरकतो, तो पट्टीला अडतो. पट्टी नसेल तर मऊ केसमध्ये हे दर वेळी होतं.